ब्रा घालून रात्रभर चालणाऱ्या बायका

लंडनला आले त्या वर्षीची गोष्ट. मे महिन्यातल्या एका सोमवारी ऑफिसातली मैत्रीण लंगडत आली. "शनिवारी रात्रभर चालले," म्हणाली. तेही मणी-टिकल्यांनी सजवलेली ब्रा घालून!

हा 'मूनवॉक'. १९९६ मध्ये नीना बरो मैत्रिणींना घेऊन अशाच ब्रा घालून न्यूयॉर्क मॅरेथॉन चालली, स्तनाच्या कॅन्सरसाठी निधी म्हणून. पुढे थोड्याच काळात तिला स्वतःलाच त्या आजाराचं निदान झालं. त्यातून हा मूनवॉक भरवणारी 'वॉक द वॉक' ही संस्था उभी राहिली.

पैसे घरबसल्याही देता येतात, मग चालायचं कशाला? मलाही हेच वाटायचं. दोन वर्षांनी स्वतःच नाव नोंदवलं.

नुसते पैसे मागायला जीभ रेटत नाही हो. "४२ किलोमीटर चालतेय, किती देतोस?" हे मात्र सहज विचारता येतं. आणि पाच पौंड देता देता अकाउंट्समधला अबोल माणूस आईच्या आजाराबद्दल बोलायला लागतो. माझ्या मते खरी कमाई ती.

देणारा करदाता असेल आणि त्याने तशी संमती दिली, तर सरकार पौंडामागे २५ पेन्स वरून घालतं.

जमलेल्या पैशातून या संस्थेने ब्रिटनमधल्या रुग्णालयांना डोकं गार ठेवणारी यंत्रं दिली आहेत. केमो चालू असताना गार टोपी घातली की केसांच्या मुळांकडे रक्त कमी जातं, म्हणून औषधही कमी पोचतं. सगळ्यांना गुण येत नाही, पण अनेकींचे केस बऱ्यापैकी वाचतात.

सराव, बूट, पायाचे फोड, काहीही विचारा. फोडांवर तर मी तासभर बोलू शकते!