वारसा जपताना : योग्य तंत्रसाथीचा शोध

बेंगळुरूचे नाव घेताच डोळ्यांसमोर संगणक उद्योगाची नगरी उभी राहते. परंतु याच नगरीत शतकानुशतकांचे शिलालेख आणि वीरगळ विखुरलेले आहेत. बेगूर येथील नवव्या शतकातील शिलालेखात ‘बेंगळुरू’ हे नाव आढळते. मल्लेश्वरम् येथील १६६९ सालचा शिलालेख तर मराठी मनाला अधिकच जवळचा वाटावा असा आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी तथा व्यंकोजीराजे यांच्या दानाशी त्याचा संबंध आहे.

बी. एल. राइस यांनी बेंगळुरू जिल्ह्यातील शिलालेखांचे वाचन १९०५ मध्ये ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या नवव्या खंडात प्रसिद्ध केले. पुढे शहर विस्तारले, रस्ते रुंदावले आणि त्यांतील कित्येक शिळा नाहीशा झाल्या. अशा परिस्थितीत १९०९ साली स्थापन झालेल्या येथील मिथिक सोसायटीने २०२१ पासून शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅनिंग हाती घेतले. झिजल्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरेही त्यामुळे पडद्यावर वाचता येतात. उद्या शिळा हरपली, तरी तिच्यावरील मजकूर हरपणार नाही, हे या कार्याचे मोल होय.

मोठ्यांचा मार्ग, लहानांची अडचण

कस्तुरबा मार्गावरील ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’ने डिसेंबर २०२० मध्ये प्रथम आपले डिजिटल संग्रहालय सुरू केले, त्याची वास्तू फेब्रुवारी २०२३ मध्ये खुली झाली. चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्याशी ‘संवाद’ साधता यावा, असे दालन ‘ॲक्सेंचर’च्या साह्याने तेथे साकारले. जे. पी. नगर येथे २०१९ मध्ये उघडलेले ‘इंडियन म्युझिक एक्सपिरियन्स’ हे संगीताचे संग्रहालयही ध्वनी व दृक्‌श्राव्य माध्यमांवरच उभे आहे.

मोठ्या संस्थांना असे सहकारी लाभतात. मात्र तालुक्याच्या गावातील शतायुषी वाचनालयाने किंवा पोथ्या सांभाळणाऱ्या संस्थानाने कोणाचे दार ठोठवावे? जाहिरातीत तर सारेच ‘डिजिटल’! वस्तुतः येथे तीन निरनिराळी कामे आहेत : वस्तूंचे व हस्तलिखितांचे स्कॅनिंग, संग्रहाची सूची ठेवणारी संगणकप्रणाली आणि दालनांतील दृक्‌श्राव्य मांडणी. या तिन्हींत निष्णात असा पुरवठादार क्वचितच भेटतो. म्हणून आपली गरज नेमकी कोणती, हे आधी कागदावर उतरवणे श्रेयस्कर. सूचीच्या बाबतीत पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेली ‘जतन’ ही प्रणाली अवश्य पाहावी. राष्ट्रीय संग्रहालयांच्या संग्रहांची माहिती देणारे २०१४ चे संकेतस्थळ तिच्याच आधारे उभे राहिले.

करार करण्यापूर्वी

१. पुरवठादाराने पूर्वी केलेले काम प्रत्यक्ष पाहावे आणि त्या संस्थेच्या ग्रंथपालाशी अथवा अभिरक्षकाशी बोलावे.

२. सर्व संग्रह एकदम सोपवू नये. वीस-पंचवीस पाने नमुन्यादाखल द्यावीत. त्यांत एखादे जीर्ण, एखादे पुसट पान अवश्य असावे. जीर्ण पोथी हाताळण्याची रीत तेथेच कळते.

३. स्कॅनिंग शक्यतो संस्थेच्या आवारातच व्हावे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद व विमा असावा.

४. मूळ, न आवळलेल्या ‘टिफ’ प्रती संस्थेच्या ताब्यात असाव्यात. केवळ ‘जेपेग’ प्रती पाहण्यापुरत्या ठीक. जतनासाठी त्या अपुऱ्या आहेत.

५. प्रतिमा, चित्रफिती व मजकूर यांचे हक्क कोणाचे, हे लेखी ठरवावे. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार हस्तांतरणाच्या लेखात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षेच मानली जाते आणि क्षेत्र नमूद नसेल, तर ते भारतापुरतेच. एका वाक्याच्या अभावी संस्थेला स्वतःच्याच संग्रहाच्या चित्रफितीसाठी पुन्हा परवानगी मागावी लागू शकते!

अर्थव्यवहाराची शिस्त

बँकिंग व्यवहारात आपण जी दक्षता बाळगतो, तीच येथेही उपयोगी पडते. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. नमुना मान्य झाल्यावर, निम्मे काम झाल्यावर आणि अंतिम तपासणीनंतर अशा टप्प्यांनी ती द्यावी. मोठ्या कामासाठी बँक हमी मागण्यात संकोच नसावा. पहिल्या खर्चाबरोबरच वार्षिक देखभालीची तरतूदही करावी, कारण दालनातील पडदा दोन वर्षांत अंधारला, तर पहिला खर्चही वाया जातो. निधीसाठी उद्योगांकडेही जाता येते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांच्या संरक्षणाचा सामाजिक दायित्वाच्या कार्यांत समावेश आहे. नेमकी गरज, नमुन्याचा निकाल आणि टप्पेवार अंदाजपत्रक सोबत असेल, तर अशा प्रस्तावाला वजन येते.

आपल्या वाचकांपैकी अनेक जण एखाद्या वाचनालयाचे, देवस्थानाचे वा संशोधन मंडळाचे विश्वस्त असतील. पुढील सभेच्या कार्यपत्रिकेवर हा एक विषय त्यांनी अवश्य घ्यावा. बँकेच्या तिजोरीतील ठेव आपण व्याजासह परत मिळवतो. पूर्वजांनी आपल्या हाती सोपवलेली ही ठेव निदान अखंड स्वरूपात पुढील पिढीच्या हाती पडावी, एवढे दायित्व तर आपले आहेच.