ग्रीक संस्कृतीवरील ग्रंथांस पारितोषिक

उत्तम ग्रंथ लिहिणाऱ्याची पाठ थोपटावी, एवढाच पारितोषिकाचा हेतु असता, तर त्यासाठीं एखादा विषय नेमून देण्याचें कारण नव्हतें. परंतु इंग्लंडांत केवळ ग्रीक विषयासाठीं असें एक पारितोषिक आहे. अँग्लो-हेलेनिक लीग ही संस्था तेथें १९१३ सालीं स्थापन झाली. बायझंटाइन इतिहासाचे थोर अभ्यासक सर स्टीव्हन रन्सिमन यांच्या नांवें ती १९८६ पासून पारितोषिक देत आली. ग्रीस प्राचीन असो वा अर्वाचीन, त्याच्या इतिहासावरील अगर संस्कृतीवरील इंग्रजी ग्रंथ त्यास पात्र ठरतो. अट एवढीच कीं, विद्वत्तेबरोबर सुबोधताहि हवी. पंडिताच्या कपाटांतील ज्ञान गृहस्थाच्या घरांत यावें, हें त्यांतील मर्म होय.

आपणांस ग्रीसशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. कार्ल्याच्या चैत्यांतील कित्येक स्तंभ धेनुकाकटच्या यवनांनीं दान दिलेले आहेत. नाशिकच्या लेण्यांतहि इंद्राग्निदत्त नामक यवनाचा लेख आहे. पहिल्या शतकांत एका अज्ञात ग्रीकभाषी लेखकानें ‘पेरिप्लस’ हें सागरप्रवासाचें पुस्तक लिहिलें. पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोच बंदरास येई, ही हकीकत त्यांत आहे. भडोच आमच्या नंदुरबारहून फारसें दूर नाहीं. म्हणजे आपल्याच सातवाहनकालीन बाजारपेठांची साक्ष ग्रीक भाषेंत पडून आहे, आणि आपण ती बहुधा इंग्रजीच्या ओंजळीनें पितों!

पारितोषिकानें वाङ्मय वाढतें काय? महाराष्ट्राचा अनुभव पाहा. पेशवाईंतील दक्षिणा संस्कृत विद्वानांस मिळे. तींतील कांहीं भाग मराठी ग्रंथांकडे वळवावा, अशी मागणी १८४९ च्या सुमारास पुण्यांतील सुधारकांनीं केली. लोकहितवादी त्यांत होते. सनातन्यांचा विरोध झाला, तरी पुढें दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली व मराठी लेखकांस आधार मिळाला. त्याच काळांत, १८५२ सालीं, कृष्णशास्त्री चिपळूणकरांचें सॉक्रेटिसाचें चरित्र प्रसिद्ध झालें. पुढें १९५७ सालीं विंदा करंदीकरांनीं अ‍ॅरिस्टॉटलचें काव्यशास्त्र मराठींत आणलें. बीज आहे, पाणी मात्र नियमित हवें.

मराठींत असें पारितोषिक निघाल्यास तीन गोष्टी पाहाव्या: लेखकानें मूळ ग्रीक भाषेशीं परिचय केला आहे काय, आपल्या शिलालेखांशीं त्या साधनांचा मेळ घातला आहे काय, आणि मॅट्रिक झालेल्या वाचकास तें पुस्तक कोशावांचून समजतें काय. भाषांतरकारासहि स्वतंत्र लेखकाइतकाच मान असावा. रक्कम मोठी नसली तरी चालेल, पण ती वर्षानुवर्षें खंड न पडतां मिळाली पाहिजे. कारण ग्रीक शिकावयास तरुणाचीं पांच-सात वर्षें जातात, आणि शेवटीं कोणी वाचणार आहे, हा भरंवसा असल्याखेरीज तो तीं वर्षें खर्चीं घालणार नाहीं.