बीज, क्षेत्र आणि सूक्ष्म खनिजे

बीज श्रेष्ठ की क्षेत्र, हा वाद मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात येतो. शेतीव्यवहारातून घेतलेले हे रूपक भारतीय भाषांत खोलवर रुजले आहे. मराठीत 'वांझ' हे विशेषण माणसांपैकी स्त्रीलाच चिकटले. पुरुषासाठी असलेले 'षंढ', 'नपुंसक' हे शब्द संभोगाची असमर्थता सुचवतात. बीजाच्या गुणवत्तेविषयी ते काहीच सांगत नाहीत. बीज सकस आहे, हे भाषेने जणू गृहीतच धरले.

१६७७ मध्ये लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकातून शुक्राणू पाहिले. पुढील संशोधनाने मात्र हे बीज स्वयंपूर्ण नसल्याचे दाखवून दिले. त्याची कार्यक्षमता शरीरात अत्यल्प प्रमाणात लागणाऱ्या खनिजांवरही अवलंबून असते. त्यांपैकी जस्त पुरःस्थ ग्रंथीच्या स्रावातून वीर्यात मिसळते. तेथील त्याचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या कितीतरी पट असते. शुक्राणूतील घट्ट गुंडाळलेल्या डीएनएला ते स्थैर्य देते. शिवाय शुक्राणूच्या शेपटीतील प्रोटॉनमार्ग ते रोखून धरते. स्त्रीच्या जननमार्गात जस्ताचा हा अटकाव सैल होतो, प्रोटॉनमार्ग उघडतो आणि शुक्राणूला फलनक्षमता येण्यास साहाय्य होते. म्हणजे बीजाची सिद्धता क्षेत्रातच पूर्ण होते. प्राचीन वादातील द्वंद्व येथे टिकत नाही.

सेलेनियमचे कार्य वेगळे आहे. सेलेनियमयुक्त एक प्रथिन शुक्राणू घडत असताना ऑक्सिडीकरणापासून त्याचे रक्षण करते. शुक्राणू पक्व झाल्यावर तेच प्रथिन त्याच्या मध्यभागाच्या रचनेचा घटक बनते. सेलेनियमच्या तीव्र अभावी हा भाग दुबळा होऊन गती मंदावते, असे उंदीरवर्गीय प्राण्यांत आढळले आहे.

यावरून खनिजांच्या गोळ्या हाच उपाय, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. अमेरिकेत वंध्यत्वोपचार घेऊ पाहणाऱ्या २,३७० जोडप्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषांना सहा महिने दररोज ३० मिलिग्रॅम जस्त व ५ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल देण्यात आले. जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण त्या गटात ३४ टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या गटात ३५ टक्के होते. उणीव बाधते म्हणून आधिक्य तारतेच असे नाही. सेलेनियमचा अतिरेक तर विषारी ठरतो.

अपत्यहीनतेचा दोष शोधताना तपासणी दोघांचीही व्हावी लागते. बीजाला निर्दोष मानणारे रूपक ती तपासणी लांबवते आणि त्याची किंमत बहुधा स्त्रीच मोजते.