शून्य आणि रिकामी जागा

श्रीपेरुंबुदूरनजीकच्या चेंबरम्बाक्कम तलावाचे जादा पाणी अड्यार नदीत जाते. डिसेंबर २०१५ मध्ये तिच्या महापुराने चेन्नई शहर जलमय झाले. पाणी केव्हा सोडावे हे ठरविण्यास पावसाच्या नोंदी विश्वसनीय हव्यात.

पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी ८.३० वाजता मोजतात. समजा, एके दिवशी ते मोजावयाचे राहिले. आलेखात तेथे शून्य मांडावे काय? मुळीच नाही. शून्य म्हणजे ‘मोजले, पण पाऊस नव्हता’. रिकामी जागा म्हणजे ‘मोजलेच नाही’. शिवाय राहिलेले पाणी मापकात साचून दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत मिसळते. त्यामुळे पहिला दिवस कोरडा, तर दुसरा अतिवृष्टीचा भासतो. यास्तव तेथे आलेख खंडित ठेवावा आणि पुढील आकड्याजवळ ‘दोन दिवसांची बेरीज’ असे लिहावे.