शास्त्रवाचनाचा नित्यक्रम

स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मॅक्चेन यांनीं १८४२ सालीं आपल्या मंडळीसाठीं बायबलवाचनाचें दिनपत्रक तयार केलें. रोज सुमारें चार अध्याय. दोन कुटुंबासमवेत, दोन एकांतांत. या क्रमानें वर्षभरांत जुना करार एकदां, नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदां वाचून होतात. परंतु नेम हा निव्वळ उपचार ठरेल, वाचकास धर्मनिष्ठेचा गर्व चढेल, किंवा एवढा भार त्यास पेलणार नाहीं, हे धोके त्यांनीं स्वतःच सांगून ठेविले. म्हणून नव्या वाचकानें वेळ नेमून घ्यावी, माप मात्र लहान ठेवावें. एखादा दिवस चुकल्यास मागील बाकी फेडण्याची घाई न करतां आजचाच अध्याय शांतपणें वाचावा. पानें संपविणें हें साध्य नव्हे; वाचलेलें वचन दिवसभर मनांत राहणें, हेंच साध्य होय.