पायांत डावे-उजवे नको!

शालेय फुटबॉलमध्ये हमखास दिसणारे दृश्य. चेंडू डाव्या पायाशी येतो, समोर गोल मोकळा असतो. पण खेळाडू चेंडू उजव्या पायावर घ्यायला वळतो आणि तेवढ्यात बचावपटू आडवा येतो. दारव्ह्यातील मुलाला तालुका, जिल्हा, अमरावती विभाग आणि मग राज्य अशी चढण चढायची असते. निवड चाचणीत हाती मोजकीच मिनिटे असतात. तेथे ही सवय महागात पडते.

दुसरा पाय मुळातच दुबळा असतो का? १९९८ च्या विश्वचषकातील सामन्यांच्या अभ्यासात सुमारे ७९ टक्के खेळाडू उजव्या पायाचे आढळले. दुसरा पाय ते क्वचितच वापरत. वापरला तेव्हा मात्र यश जवळपास तितकेच मिळे. नॉर्वेतील १५ ते २१ वर्षांच्या खेळाडूंनी आठ आठवडे दुसऱ्या पायाने सराव केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्या पायाबरोबरच नेहमीच्या पायाचे कौशल्यही सुधारलेले दिसले.

अडचण बहुधा केवळ मारणाऱ्या पायाची नसते. डाव्या पायाने चेंडू मारताना शरीराचा भार उजव्या पायावर येतो आणि त्याला एकट्याने तोल सांभाळण्याची सवय नसते. म्हणून आरंभ तोल सांभाळण्यापासून करावा. टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी, गुडघा किंचित वाकलेला, मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ आणि नजर चेंडूवर असावी.

यासाठी महागडे साहित्य लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या मैदानावर चिखल झाला, तरी शाळेची भिंत पुरते. चार-पाच पावलांवरून पायाच्या आतल्या बाजूने चेंडू भिंतीवर मारावा, परतलेला चेंडू त्याच पायाने थांबवावा. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. अचूकता आल्यावरच जोर वाढवावा. त्यानंतर सरावाच्या छोट्या सामन्यात 'गोल डाव्या पायानेच' असा नियम ठेवावा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना चार क्रमांकाचा चेंडू द्यावा. वाढीच्या वयात गुडघा दुखू लागल्यास विश्रांती द्यावी.

१९९० च्या विश्वचषक अंतिम सामन्यात जर्मनीच्या आंद्रेआस ब्रेहमे याने उजव्या पायाने पेनल्टी मारून सामना जिंकून दिला. १९८६ च्या स्पर्धेत त्याने पेनल्टी डाव्या पायाने मारली होती. आरंभीच्या काही आठवड्यांत चेंडू भलतीकडे जाईल, सवंगडी हसतील. त्या दिवसांत प्रशिक्षक आणि पालकांनी धीर दिला, तर मुलाला दुसरा पाय गवसेल.