सुट्टे नाहीत? मग गावानेच छापल्या नोटा!

सुट्टे नसले की दुकानदार आपल्या हातावर चॉकलेट ठेवतो. 1914 मध्ये जर्मनीत हीच अडचण आली, पण फार मोठी. पहिलं महायुद्ध सुरू होताच लोकांनी नाणी घरात दडवली. पुढे तांबं आणि निकेल युद्धासाठी लागू लागलं. नाणीच नाहीत, तर पाव घ्यायचा कसा?

मग नगरपालिकांनी स्वतःच 10, 25, 50 फेनिगच्या कागदी नोटा छापल्या. (100 फेनिग म्हणजे 1 मार्क.) हेच 'नोटगेल्ट'. यातल्या 'नोट'चा आपल्या नोटेशी संबंध नाही बरं का! जर्मनमध्ये 'नोट' म्हणजे अडचण, 'गेल्ट' म्हणजे पैसा.

या नोटा बहुतेक त्याच भागात आणि ठरावीक मुदतीपर्यंतच चालायच्या. खरी गंमत युद्धानंतर झाली. लोक त्या जमवू लागले आणि गावांना कळलं, की संग्रहात गेलेली नोट कुणी वटवायला येत नाही. म्हणजे तिचे पैसे आपलेच! मग काय, रंगीत मालिकाच निघाल्या. हामेल्नने आपला पुंगीवाला छापला, बीलेफेल्डने तर चक्क रेशमावर नोटा काढल्या.

1922 मध्ये सरकारने सुट्ट्या पैशांच्या या नोटांवर बंदी आणली. पण पुढच्याच वर्षी महागाई इतकी भडकली, की गावांना पुन्हा नोटा छापाव्या लागल्या. या वेळी फेनिगच्या नाही, कोट्यवधी मार्कांच्या.